रविवारचा सारंग

५ जानेवारी

ठके,

तुझं पत्र येऊन कधीचं पडलंय. रागावू नकोस, कारण ऐकलंस तर तूही टुणकन उडशील. गावात आगबोट बांधतायत. आप्पांची चाकवाली!

खरी नाही गं. खरीचा सांगाडा नदीच्या तळाशी गंजत पडलाय, हे तुला मी काय सांगू. पण हुबेहूब तशीच. दोन्ही बाजूंना ती भली थोरली चाकं, उंच धुराडं, भोंगा, सगळं. धक्क्याजवळच्या रिकाम्या गोदामात काम चाललंय आणि अख्खा गाव राबतोय. दिवसाची कामं आटोपली की सुतार येतात, शिंपी येतो, शाळेतल्या बाई पॉलिश पेपर घेऊन फळ्या घासत बसतात. पैसा कुणी घेत नाही.

आणि चाकं कोण करतंय? तुझा दादा! बोट समितीचे अध्यक्ष स्वतः पंपहाऊसवर आले. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, तेच. म्हणाले, "फिटर, चाकांचं काम तुमच्याशिवाय कुणाच्या हातचं नाही." तुमच्याशिवाय म्हणाले, ठके. या गावात मला 'तुम्ही' म्हणणारा हा पहिला माणूस. बाकी आपण जन्मभर 'बुडव्याची पोरं'. आता कामावरून सुटलो की थेट गोदाम. चहा येतो तेव्हा मला हाक मारतात.

आई बरी आहे. विसरते जरा. परवा मला म्हणाली, "भाऊ, उद्यापासून दूध कमी घाला." मी म्हटलं, बरं बाई. तुझी वहिनी हसून हसून लोळली.

उद्घाटनाला येशील ना?

दादा


२२ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र दुकानातच वाचलं. हातातली भिंगं तशीच सोडून. मालक म्हणाला, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी परत येतंय.

पण दादा, दोन गोष्टी सांगते, त्या ऐक. धाकटी म्हणून उडवून लावू नकोस.

एक. तुझे ते अध्यक्ष म्हणजे बोटीच्या मालकाचेच नातू ना? बॉयलरला ठिगळं मारून मारून चालवत होते, हे धक्क्यावरच्या हमालांनाही ठाऊक होतं. आप्पांनी बदला म्हणून किती वेळा तोंड वाजवलं होतं, हे आईने आपल्याला शंभरदा सांगितलंय. बॉयलर फुटला, तरी आप्पा सुकाणू सोडून पळाले नाहीत. पेटती बोट त्यांनी उथळात नेऊन घातली, म्हणून निम्मी माणसं पाण्यातून चालत काठाला आली. आप्पा आले नाहीत. मग मालक सुटला आणि बोट चालवणारा सारंग, म्हणजे आप्पा, प्यालेला होता असं ठरलं. मेलेल्या माणसाच्या तोंडाला कुणीही बाटली लावावी! ज्या माणसाला खोकल्याचं औषध पाजायला आईला त्याचं नाक दाबावं लागायचं, त्याच्या.

आठवतं ना, नळावर त्या कासाराच्या बायकोने "तुझा नवरा टाकून होता" म्हटलं, तेव्हा आईने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली होती? त्यानंतर ती लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून हात भाजले, पण ते एक वाक्य तिने कुणालाही पुन्हा बोलू दिलं नाही.

म्हणून दुसरी गोष्ट. बोटीवर आप्पांच्या नावाची पाटी लाव. मोठी नको. एवढंच की, यांनी माणसं वाचवली. चाकं करतोयस, तर एवढं मागायचा तुझा हक्क आहे.

मला रजा मिळेलसं वाटत नाही. आणि तू हसशील, मला माहीत आहे, पण मला अजून त्या धक्क्यावर उभं राहवत नाही.

ठकी


९ मार्च

ठके,

चाकं फिरली! काल पहिल्यांदा पाण्यात उतरवून बघितली. आत ट्रकचं डिझेल इंजीन आहे, धुराड्यातून येतो तो धूरही नाटकातल्या यंत्राचा. पण फळ्या पाण्यावर पडू लागल्या आणि तो आवाज आला, थप थप थप, तशी म्हातारी माणसं रडायला लागली. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. फोटोत मी मधोमध आहे.

पाटीचं बोललो. बघू म्हणाले. एकदम सगळं मागून चालत नाही गं, कलाकलाने घ्यावं लागतं.

आणखी एक बातमी. दर रविवारी बोट प्रवाशांना घेऊन पुलापर्यंत जाऊन येणार. वाटेत डेकवर छोटंसं नाटुकलं, जुन्या बोटीची गोष्ट सांगणारं. नाटकमास्तर बसवतायत. आणि सारंगाचं काम मला दिलंय. खरं सुकाणू लायसन्सवाल्याच्या हातात असेल, पण पांढरा कोट आणि टोपी माझी. मास्तर म्हणतात, आवाज चांगला आहे तुमचा.

आईला पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवलीय.

दादा


२० मार्च

दादा, दादा, दादा!

तू आप्पा होणार? आणि हे असं पत्राच्या शेपटाला लिहितोस?

पाटीबद्दल मी उगाच बोलले. पाटी काय, लोक वाचतात आणि पुढे जातात. तू त्यांच्यासमोर उभा राहशील, तेव्हा सगळ्या गावाला बघावं लागेल.

एक कर. चालताना डावा खांदा जरासा खाली टाक. आई नक्कल करून दाखवायची बघ, सुकाणू ओढून ओढून ते तसे चालायचे. आणि बोलायच्या आधी टोपी मागे सरकवायची. तेवढं केलंस की झालं.

सोबत आईचा चष्मा पाठवतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काढलेला नवा नंबर वहिनींनी कळवला होता. काचा मी स्वतः घासल्यात, मालकालाही हात लावू दिला नाही. जुन्या चष्म्यातून तिला माणसाऐवजी ढग दिसत असतील. यातून डेकच्या दुसऱ्या टोकाचं बटण दिसेल. पहिल्या रांगेत बसल्यावर न विसरता घाल. माझ्या वाटचंही तीच बघेल.

तुझी वेडी ठकी


२ मे

ठके,

उद्घाटन छान झालं. गर्दी होती. आईला आवडलं. चष्मा बरोबर बसला.

पंपहाऊसवर काम वाढलंय, त्यामुळे लिहायला जमत नाही. तब्येतीला जप.

दादा


१४ जुलै

दादा,

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. आता कळलं का ते.

काल दुकानात एक जोडपं आलं, नवऱ्याचा चष्मा करायला. मी डोळ्यांतलं अंतर मोजत होते आणि बायको सांगत होती की, आम्ही सुट्टीत एका गावी गेलो होतो, तिथे जुन्या धर्तीची चाकाची बोट आहे. मी म्हटलं, हो का? मला वाटलं, आता माझ्या दादाचं कौतुक ऐकायला मिळणार. ती म्हणाली, "काय धमाल करतो तो पिदाड सारंग! झोकांड्या खात येतो, बाटली लावतो तोंडाला आणि बोट बुडवतो. हसून हसून पुरेवाट." नवरा म्हणाला, "पण म्हातारी जास्त चांगली. खरं रडते हो."

मी विचारलं, कोण म्हातारी?

"सारंगाची बायको होते ती. जाड चष्मा आहे. नाटकातली वाटतच नाही."

पट्टी माझ्या हातातून त्या माणसाच्या डोळ्याला लागली. मालक ओरडला. 

आप्पांच्या तोंडाला बाटली लावायला गावाला परका माणूस मिळाला नाही? त्यांच्याच रक्ताचा लागला? आणि आईला तिथे उभी करतोस, माझ्या चष्म्यासकट? पांढऱ्या कोटासाठी? चहाला कुणी हाक मारतं म्हणून? अरे, कुत्र्यालाही हाक मारतात. तो निदान मालकाच्याच दारात शेपूट हलवतो, ज्याने बाप मारला त्याच्या दारात नाही.

खोटं असेल तर उलट टपाली लिही. खरं असेल तर लिहू नकोस.

ठकी


२५ जुलै

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दोन दिवस तसंच होतं, शेवटी धुवायला काढताना मला मिळालं. हे लिहिणार नाहीत. म्हणून मीच लिहितेय. यांना सांगितलेलं नाही.

जे झालं ते सांगते. कमी करून सांगणार नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आईंना नवं पातळ नेसवलं, चष्मा घातला. खूप खूश होत्या. "किती स्वच्छ दिसतंय गं," म्हणत नदीकडे बघत होत्या. मला वाटलं होतं की, यांनी त्यांना नाटकाचं समजावून सांगितलं असेल. यांना वाटलं, आईंना काय कळतंय. मग भोंगा झाला आणि हे आले. पांढरा कोट, डावा खांदा खाली, टोपी मागे सारलेली. हातात बाटली, आत रंगीत पाणी. झोकांडी खाल्ली. कुणीतरी ओरडलं, "सारंग, पुढे रेती आहे!" तर हे म्हणाले, "मी कुठे प्यालोय? नदी प्यालीय, म्हणून वाकडी चालतेय!" माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली.

आई उठून उभ्या राहिल्या. मी पदर धरला, पण त्यांनी हिसडा मारून सोडवला. थेट मध्ये गेल्या. "अहो," म्हणाल्या. वन्सं, त्या 'अहो'ने माझ्या अंगावर काटा आला. "अहो, हे काय? तुम्ही घेतलीत? पोरं लहान आहेत घरी, आणि तुम्ही घेतलीत?"

हे थिजले. मी डोळ्यांनी सांगत होते, आईंना धरा, आई म्हणा. बाजूने मास्तर हळूच म्हणाले, "चालू ठेवा, चालू ठेवा, मस्त होतंय." आणि यांनी बाटली पुन्हा तोंडाला लावली.

आईंनी यांच्या कानाखाली मारली. अशी मारली की, टोपी उडाली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग आई यांच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागल्या, तर टाळ्या थांबेचनात.

खाली उतरताना अध्यक्ष आईंना म्हणाले, "आजी, रविवारी या हं पुन्हा." हे नाही म्हणतील म्हणून मी यांच्याकडे बघत होते. हे म्हणाले, "बघतो." तेव्हापासून दर रविवारी. आईंना दर वेळी सगळं नवंच असतं. मी भांडले, अबोला धरला. म्हणाले, "तिला आठवत नाही, मग दुखतं कुठे?"

पण राहतं काहीतरी, वन्सं. परवा दाणे निवडत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "त्या कासारणीला मी उगाच मारलं गं. ती खरंच सांगत होती."

तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मी बोटीवर जाणं सोडलंय, एवढंच माझ्याने झालं.

तुमची वहिनी


१० सप्टेंबर

ठके,

तू लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय.

सगळं खरं आहे. तुला माहीत नाही तेही सांगतो. नाटक बसण्याआधी समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फिटर, तुमचे वडील घेत होते असं लोक म्हणतात. तुमची हरकत नसेल तरच ते दाखवू." सगळे माझ्याकडे बघत होते. शाळेतल्या बाई, सुतार, सगळे. तीन महिने त्यांच्या मांडीला मांडी लावून काम केलेलं. मी म्हटलं, "घेत असावेत." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

आता ऐक. माझ्याच्याने होत नाही. घरी आईला मी जेवण भरवतो, तिचे केस विंचरतो, तर ती मला दूधवाला समजते, नाहीतर "भाऊ, तुम्ही आता जा, आमचे हे येतील" म्हणते. फक्त बोटीवर मला ओळखते. तिथे मी तिचा नवरा आहे, पिदाड. मारते, मग छातीवर डोकं ठेवते, आणि मी वरून लोकांकडे बघून डोळा मारायचा, तसं नाटकात आहे. गेल्या रविवारी मारलाही. नंतर संडासात जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या.

अध्यक्षांना म्हटलं, सोडतो. ते म्हणाले, "तुमची मर्जी. दुसरा सारंग बघू. आजींना मात्र पाठवत जा, लोक त्यांच्यासाठी येतात."

तू ये आणि आईला घेऊन जा. तुझ्या पाया पडतो. तुझ्याकडे ती सुटेल. आणि मीही.

दादा


३ ऑक्टोबर

दादा,

पोचले. गाडीत उभी राहून आले, पण एकटीच असल्यामुळे अडचण झाली नाही.

तिथे असताना एक शब्द सोडला तर मी तुझ्याशी बोलले नाही. आता बोलते, एकदाच. तुझी पाठ होती तेव्हा काय झालं, ते तुला कळायला हवं.

मी शुक्रवारी आले, आईची पिशवी भरली. ती मला नर्स म्हणत होती, पण गोड बोलत होती. "कुठे नेताय? रविवारच्या आत आणून सोडाल ना?" मी म्हटलं, रविवारी काय? तर लाजली, दादा. ऐंशीची बाई लाजली. "आमचे हे येतात," म्हणाली.

मी तिला खरं सांगितलं. तिचे दोन्ही हात धरून. आई, आप्पा गेले. बोटीवर गेले. ते कधीच पीत नव्हते, त्यांनी माणसं वाचवली. बोटीवर येतो तो दादा आहे. मला वाटलं होतं, तिचा चेहरा उजळेल. तिने फक्त पहिलं वाक्य ऐकलं. "गेले?" म्हणाली. "कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही?" आणि जे रडली, ते मी लहान होते तेव्हा ऐकलेलं रडणं होतं. चहा होईपर्यंत विसरली. कप मात्र हातात धरता येईना.

शनिवारी मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, नीट सांगितलं नसेल. पुन्हा "गेले?" पुन्हा ते रडणं. संध्याकाळी वहिनी माझा दंड धरून म्हणाल्या, "वन्सं, बस करा. किती वेळा विधवा करणार आहात त्यांना?" आप्पांची अब्रू राखायला मी तिथे आले होते, आणि दोन दिवस आईला मारत होते.

रविवारी बोटीवर मी तिच्या शेजारी बसले. मी समोर आहे म्हणून तुला लाज वाटली असेल. तू बाटली न घेता आलास. सरळ चाललास, खांदा वर, टोपी नीट. आयुष्यात पहिल्यांदा तू आप्पांना माणसासारखं उभं केलंस, आणि माझा ऊर भरून आला. मास्तर बाजूने खुणा करत होते, लोक चुळबुळत होते, तू ऐकलं नाहीस. "माणसं उतरवा आधी," म्हणालास. आप्पाच बोलले.

आईने तुझ्याकडे बघितलं, आणि तुझ्या पलीकडे बघितलं. मला विचारलं, "हे कोण गृहस्थ? आमचे हे कुठायत?" मी म्हटलं, हेच ना, आई. ती म्हणाली, "छे! ह्यांना काय मी ओळखत नाही?" आणि उठली. तू लोकांकडे तोंड करून बोलत होतास, तुला दिसलं नाही. ती माणसांचे चेहरे बघत खुर्च्यांमधून गेली, मग कठड्याशी. "अहो, अहो," हाका मारत होती. खाली तुझं ते चाक पाणी कापत होतं आणि ती वाकून त्यात बघत होती. तिचा एक पाय कठड्याच्या खालच्या गजावर होता, दादा. मी तिला पदराने मागे खेचलं. तशी माझ्या हाताला चावली. "सोडा मला, ते खाली असतील."

मग तू वळलास आणि मधोमध थिजून उभा राहिलास. अडचणीत असं थिजून उभं राहणं तुला चांगलं जमतं.

म्हणून बाटली मी आणली. मास्तरांच्या टेबलावर होती. मीच तुझ्या हातात दिली, मीच तुझी टोपी मागे सारली आणि तुझ्या कानात म्हटलं, पी. तू माझ्याकडे कसं बघितलंस, ते मी विसरणार नाही. मी पुन्हा म्हटलं, पी.

तू झोकांडी खाल्लीस आणि आई धावत आली. तुला मारताना तिचा चेहरा तुला दिसतो, पण डोकं टेकल्यावर दिसत नाही. मला दिसला. डोळे मिटलेले होते आणि ती हसत होती. तुझ्या कोटाची कॉलर नीट करत होती. उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, "वाईट सवय आहे बाई त्यांना. पण येतात हो दर रविवारी."

म्हणून मी तिला आणलं नाही.

तू सुटायला निघाला होतास. सुटायचं नाही. ताप असो, पाय मोडो, मास्तर हाकलून देवो, गाव नावं ठेवो, दर रविवारी तू पांढरा कोट घालायचास आणि आप्पांना पाजायचीस. लोक हसतील, तेव्हा डोळाही मारायचास. तिला कोरडा नवरा ओळखता येत नाही, हे तूच करून ठेवलंयस, आता तूच निस्तर. तो अध्यक्ष दुसरा सारंग आणतो म्हणाला, तर त्याचे पाय धर.

मला पत्र लिहू नकोस. आई गेली की तार कर. त्याच्या आधी एक जरी रविवार चुकवलास, तर वहिनी मला कळवतील.

ठकी